बारीक पाहणारे व्याही

मुलाकडच्या व्याह्यांनी मुलीच्या बापाकडे काय काय मागावं याला आपल्याकडे धरबंध नाही. कुणी अंगठी मागतं, कुणी मोटारसायकल मागतं, कुणी ऐन अक्षता पडायच्या वेळी रुसून गाडीत जाऊन बसतं. पण मुलीच्या बापाकडे त्याची सकाळची पहिली लघवी मागणारा व्याही अख्ख्या महाराष्ट्रात एकच झाला असेल, आणि तो माझ्या वाट्याला आला. त्यासाठीची बाटली त्यांनी स्वतः आणून दिली, झाकण कसं लावायचं ते दोनदा दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच ती न्यायला स्वतःच दारात येऊन उभे राहिले. लग्नात मी त्यांच्यासाठी भारी शालजोडी घेतली होती, ती त्यांनी घडीसकट कुणा पाहुण्याला देऊन टाकली होती. ही बाटली मात्र दोन्ही हातांत धरून, प्रसाद न्यावा तशी नेली.

हे व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. मूळचे नगरचेच, पण उमेदीची सगळी वर्षं मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसमोर काढली. लोकांच्या किडनीचा कणभर तुकडा घ्यायचा, तो हजारो पटींनी मोठा करून पाहायचा आणि नेमका कोणता आजार आहे ते सांगायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर त्यांनी नगरला परत येऊन सावेडीत घर बांधलं. मी बर्फाचा कारखानदार. लग्नाच्या आइस्क्रीमपासून मासळीवाल्यांच्या टेम्पोपर्यंत नगरात जो बर्फ लागायचा, त्यातला बराचसा माझ्याकडून जायचा. कॉम्प्रेसरच्या धडधडाटात उभा जन्म गेल्यामुळे माझे दोन्ही कान अधू आहेत. म्हणजे एक व्याही नको तितकं बारीक पाहणारा आणि दुसरा मोठ्यानं ओरडल्याशिवाय न ऐकणारा, अशी ही सोयरीक.

मी हे आता लिहायला घेतलं त्याला कारण आहे. आमच्या गोतावळ्यात त्यांच्याबद्दल एक गोष्ट अजून चघळली जाते, की एवढे मोठे डॉक्टर, पण सख्ख्या नातीचा नमुना त्यांना धड सांभाळता आला नाही. ही गोष्ट साफ खोटी आहे. नमुना मी बिघडवला, आणि गोष्ट पसरत असताना मी गप्प बसलो. माझं वय आता असं आहे की उद्यावर ढकललेलं काम उद्या होईलच याचा भरवसा नाही. पण तो प्रकार समजायला आधी माणूस समजायला हवा.

डोळ्यांना सहज दिसणाऱ्या गोष्टींत त्यांना मुळी रसच नव्हता. एकदा ते भर दिवसा, स्वच्छ उन्हात, स्कूटर घेऊन रस्त्यात उभ्या असलेल्या म्हशीवर जाऊन आदळले. म्हैस जागची हलली नाही, हे पडले. मी भेटायला गेलो तर गुडघ्याला पट्टी बांधून बसलेले. म्हणाले, "अण्णा, तिच्या कानामागे गोचीड होती. तिच्याकडे बघत होतो." म्हणजे गोचीड दिसली होती, म्हैस दिसली नव्हती.

आमची मुलगी पाहायला आले तेव्हाची गोष्ट. पोहे झाले, चहा झाला, मुलीला चार प्रश्न विचारून झाले. मी हात जोडून विचारलं, "मग, कशी वाटली मुलगी?" ते शांतपणे म्हणाले, "एका भेटीत काय सांगणार? नमुना अपुरा आहे." माझी बायको स्वयंपाकघरात जाऊन रडायलाच लागली. पुढच्या रविवारी हे पुन्हा हजर. त्याच्या पुढच्या रविवारीही. दर वेळी पोहे खायचे, मुलीशी तास-दीड तास गप्पा मारायच्या, आणि जाताना "बघू" म्हणायचं. मुलगा आणि मुलगी तोवर परस्पर सिनेमाला जाऊन आले होते, दोघांनी सगळं ठरवूनही टाकलं होतं, तरी ह्यांचा नमुना काही पुरेना. शेवटी मुलीनंच त्यांना सांगितलं, "बाबा, आता घरातले पोहे संपले." तेव्हा कुठे हसले आणि म्हणाले, "ही मुलगी पक्की आहे, लिहून घ्या." तिनं त्यांना बाबा म्हटलं ते त्या दिवसापासून.

त्यांच्या कामात तुकड्याचे काप काढावे लागतात, हिऱ्याच्या सुरीनं, आणि ते इतके पातळ असतात की केसाच्या जाडीत असे शेकडो बसतील. हे मला त्यांनी पुष्कळदा सांगितलं होतं, पण त्याचा खरा अर्थ नातीच्या, जुईच्या, वाढदिवसाला कळला. केक कापायचा मान आजोबांना दिला. त्यांनी चष्मा पुसला, सुरी गरम पाण्यात बुडवली, आणि असे काप पाडले की बशीवरची फुलं केकमधून आरपार दिसत होती. सगळ्या गल्लीला वाटूनही पाऊण केक शिल्लक राहिला आणि एकाही पोराच्या जिभेला चव लागली नाही. जुई रुसून बसली. ते तिची समजूत घालत होते, "अगं, हा तर जाडच झालाय."

कंपनाशी तर त्यांचं जन्माचं वैर. मुंबईला यंत्र चालू असताना रस्त्यानं ट्रक गेला तरी चित्र हलायचं म्हणे. त्यामुळे त्यांना मांजरासारखं चालायची सवय लागली. दार लावायचे तर झोपलेल्या बाळाच्या कानाशी लावल्यासारखं. वरातीचा बँड समोरून आला की हे पुढे होऊन ताशेवाल्याला विनवायचे, "जरा हळू, बाबा. कुठंतरी कुणीतरी फोटो घेत असेल." तो बिचारा नवरदेवाच्या फोटोग्राफरला शोधायला लागायचा.

हा कंपनाचा वैरी माझ्या कारखान्यात यायला तयार होईल असं मला वाटलं नव्हतं. पण आला. कानात कापूस घालून आला. चाळीस वर्षांत माझ्याकडे हजारो माणसं बर्फ न्यायला आली, बर्फ बघायला आलेला हा पहिला माणूस. लादीपुढे उकिडवे बसून त्यांनी विचारलं, "अण्णा, ही कडेला काचेसारखी आणि मधोमध पांढरी का?" मी सांगितलं, की पाणी कडेकडून गोठत आत जातं, मग हवा आणि क्षार मध्ये कोंडतात. ते ऐकून त्यांना झालेला आनंद मी विसरणार नाही. माझ्या धंद्याबद्दल इतक्या आदरानं मला कुणी कधी काही विचारलं नव्हतं. मग तेच म्हणाले, "आमच्याकडे बर्फ हा शत्रू. तुकडा गोठला की त्यातल्या पाण्याच्या सुया होतात आणि आतलं सगळं फाडतात." मी हे ऐकलं होतं. कॉम्प्रेसर त्या वेळी बंद होता आणि मला नीट ऐकू आलं होतं. हे इथं मुद्दाम नोंदवतो.

जुई चौथीत असताना शाळेच्या तपासणीत तिच्या लघवीत रक्ताच्या पेशी सापडल्या. पोर तशी ठणठणीत, दिवसभर धावणारी. होईल बरं म्हणून औषधं झाली, महिने गेले, पेशी काही हटेनात. मग एका तापानंतर लघवी चहाच्या रंगाची झाली आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. किडनीच्या डॉक्टरांकडे आम्ही सगळे गेलो होतो. त्यांनी कागद बघितले आणि विचारलं, "घरात कुणाचे कान अधू आहेत का?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, "काय म्हणाले?"

घरी आल्यावर मुलीनं सासऱ्यांना सरळच विचारलं, "बाबा, काय असेल ते स्पष्ट सांगा." त्यांनी तिला समोर बसवलं. मीही श्रवणयंत्र कानात नीट बसवून शेजारी बसलो. ते म्हणाले, "किडनीत लाखो चाळण्या असतात. साध्या मायक्रोस्कोपमधून चाळणी दिसते, पण तिच्या जाळीची तार दिसत नाही. जुईची तार एक तर जन्मतः बारीक असेल, नाहीतर उसवलेली असेल. बारीक असली तर थोडं रक्त झिरपतं, बाकी बहुतेकांना जन्मभर काही होत नाही. वर्षातून एकदा तपासायचं, बस. उसवलेली असली तर तो घराण्यातून उतरणारा आजार. त्यात हळूहळू किडनी जाते आणि कानही जातात." मुलीनं एकदा माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला ओरडून बोलल्यापेक्षा मोठं ऐकू आलं. माझ्याच रक्तातून हे पोरीत उतरलं असेल, तर कोणत्या तोंडानं कुणाकडे बघणार होतो मी?

त्याच आठवड्यात ती बाटली आली. माझ्याही लघवीत थोड्या पेशी निघाल्या. कानांचा आलेख काढला, त्यावर त्यांचं म्हणणं पडलं की हे कान मशिनीनंच गेल्यासारखे दिसतात, पण नमुना अपुरा. आता रक्तातून जनुकं तपासतात म्हणे. आम्हाला तेव्हा ते कुणी सुचवलं नाही, आणि आमच्या व्याह्यांना डोळ्यांनी पाहिल्याशिवाय चैन पडणारं नव्हतं. एका डॉक्टरांनी तोवर स्टिरॉइड सुरू करू असं सुचवलं होतं. हे म्हणाले, आधी पाहू. पाहायचं म्हणजे पाठीतून सुई घालून किडनीचा तुकडा काढायचा.

माझी थोरली बहीण तिसगावला असते. घरात तिच्या शब्दाला मान आहे आणि तोंडाला धार आहे. ती एसटीनं येऊन दाखल झाली. व्याह्यांच्या तोंडावर म्हणाली, "इवल्याशा लेकराच्या पाठीत सुई? आन् कशापायी, तर तुमाला बारीक बघायची लई हौस हाय म्हनून?"

"आक्का," ते म्हणाले, "न बघता औषध देणं म्हणजे अंधारात दगड मारणं. तो लागला तर आपल्या पोरीलाच लागेल."

"मंग दिवा लावा. सुई कशाला?"

"सुई म्हणजेच दिवा, आक्का."

"ह्यो मानूस म्हशीला धडाकतो आन् आमाला दिवा दाखिवतो," आक्का माझ्याकडे वळून म्हणाली. मी आक्काच्या बाजूनं मान डोलावली. शेवटी निर्णय घेतला तो जुईच्या आईनं. म्हणाली, "बाबा, तुम्ही तिच्याजवळ उभे राहणार असाल तर करू."

ते उभे राहिले. सुईतून निघालेला तुकडा शेवईच्या काडीएवढा होता. त्यांनी भिंगातून बघून त्याचे भाग केले. मोठे दोन नेहमीच्या तपासण्यांसाठी नगरातच दिले, आणि टोकाचे खसखशीएवढे कण औषधी पाण्याच्या लहान बाटलीत टाकले. ते आम्ही दोघांनी मिळून मुंबईला त्यांच्या जुन्या प्रयोगशाळेत न्यायचे होते. बाटली माझ्या हातात देत ते म्हणाले, "अण्णा, ही तुम्ही सांभाळा. गार राहू दे, पण गोठू देऊ नका."

आता बर्फवाल्याला गार कसं ठेवायचं ते सांगायचं म्हणजे काय? मला उन्हाळा दिसत होता, आळेफाट्याची गर्दी दिसत होती, माळशेज घाट दिसत होता. साधा बर्फ कल्याण यायच्या आत पाणी होणार हे मी अनुभवानं सांगू शकत होतो. म्हणून थर्मासच्या डब्यात मी बर्फ चुरून घातला आणि त्यात मूठभर खडेमीठ टाकलं, कुल्फीवाले टाकतात तसं. मिठानं बर्फ शून्याच्याही खाली जातो हे मला ठाऊक नसेल तर कुणाला असणार? पण त्या दिवशी डोक्यात एकच होतं, की माझ्या नातीचा जीव माझ्या हातात दिलाय आणि तो गार राहिला पाहिजे.

मुंबईला प्रयोगशाळेची प्रमुख म्हणजे त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. तिनं डबा उघडला, बाटली उजेडात धरली, आडवी केली. आतलं पाणी हललं नाही. ती हळूच म्हणाली, "सर, हे गोठलंय."

व्याही माझ्याकडे वळले.

"अण्णा, मीठ घातलंत?"

"घातलं."

"किती?"

"मूठभर."

"म्हणजे उणे दहापर्यंत नक्की गेलं असेल," ते विद्यार्थिनीला म्हणाले. आवाजात राग नव्हता, उलट थोडं कौतुकच होतं. मग त्यांनी स्वतःच्या शर्टाच्या खिशात हात घातला आणि रुमालात गुंडाळलेली दुसरी बाटली काढून टेबलावर ठेवली. आतलं पाणी डुचमळत होतं.

ते म्हणाले, "सगळं एका बाटलीत मी जन्मात कधी ठेवलं नाही. अर्धे कण तुमच्याकडे, अर्धे माझ्याकडे. नात दोघांची आहे ना."

"पण ही तर खिशात. गार कुठंय?"

"ह्या औषधात पाच-सात तासांना गार करायची तशी गरज नसते."

"मग मला कशाला सांगितलंत गार ठेवायला?"

त्यांनी रुमालाची घडी घातली. मग म्हणाले, "तुमचे हात सकाळपासून थरथरत होते. म्हटलं, त्यांना काहीतरी काम हवं."

राहिलेल्या कणांमधून काम निघेपर्यंत फार दिवस लागले. पहिल्या कणात चाळणीच सापडली नाही, दुसऱ्यात होती ती कोपऱ्यात चेपलेली. अर्धा माल मी नासवल्यावर दुसरं काय होणार? इकडे रोज कुणाचा ना कुणाचा फोन, की रिपोर्ट का येत नाही. शेवटी एका रविवारी मुलीच्या घरी सगळे जेवायला बसलो असताना आक्कानं पुन्हा विषय काढला. व्याह्यांनी वाटीतली आमटी संपवली आणि म्हणाले, "प्रवासात एक बाटली गोठली. जबाबदारी माझी होती."

"घ्या," आक्का म्हणाली, "एवढा शिकलेला मानूस, आन् बोटभर बाटली सांबाळता येईना."

मी भाकरीचा तुकडा मोडत राहिलो. मला ऐकू आलंच नाही असं सगळ्यांना वाटलं असणार. माझ्या अधू कानांचा मला आयुष्यात झालेला हा एकमेव उपयोग, आणि तो मी असा केला. व्याह्यांनी माझ्याकडे नजरसुद्धा टाकली नाही. मला आमटी हवी का, एवढं विचारलं.

तिसऱ्या कणात चाळणी सापडली. मी कारखान्यात होतो, यंत्रं सगळी चालू. फाटक आपटल्याचा धक्का मला पायाखाली जाणवला म्हणून वळून पाहिलं, तर व्याही पळत येत होते. मांजरासारखं चालणारा तो माणूस पाण्याच्या डबक्यांतून थपथप करत माझ्यापर्यंत आला आणि तोंड हलवायला लागला. एक अक्षर कळेना. मी कानाला हात लावून दाखवलं. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, भिंतीपाशी गेले आणि माझ्या कारखान्याचा मेन स्विच खाली ओढला. कॉम्प्रेसर धापा टाकत थांबला. भर उन्हाळ्यात, गिऱ्हाइकं रांगेत असताना. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी त्याला लादीखाली घातला असता.

त्या शांततेत ते साध्या आवाजात म्हणाले, "अण्णा, बारीक आहे. उसवलेली कुठंच नाही. जुईला काही होत नाही."

हातातला फोटो त्यांनी माझ्यापुढे धरला. करड्या रंगात वळणं घेत गेलेली एक पट्टी, सीना नदी मार्च महिन्यात दिसते तशी अरुंद. त्यांनी तिच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नखानं रेघ ओढली. "बघा, सलग आहे. नव्वद टक्के तुमच्याच घरातून आलीय ही, तुमचीही अशीच असणार. तुम्ही या वयात ठणठणीत आहात ना? तीही तशीच राहील." मी मजुरांसमोर रडलो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. माणसांना थोपटायची त्यांना सवय नव्हती.

त्यानंतर जुईला औषधाची एक गोळी लागली नाही. गोतावळ्यात मात्र त्याचा अर्थ असा निघाला, की पोरीला उगाच टोचलं, नमुना नासवला, आणि एवढं करून निघालं काय, तर काही नाही. हे 'काही नाही' शोधायलाच तो माणूस धडपडत होता, हे मी सांगायला हवं होतं. गेल्या महिन्यात तिसगावला जाऊन आक्काला सगळं सांगितलं. ती आता नव्वदीला टेकली आहे. तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "मला ठावंच हुतं. त्या डाक्टरला मीठ सुचलं नसतं. मीठ तूच घालनार." मग तांदळाचं ताट बाजूला सारून म्हणाली, "त्येला एकदा घिऊन ये. माझंबी काय बोलायचं ऱ्हायलंय."

न्यायला हवं, आणि लवकर. व्याह्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला आता म्हातारपणाचा आजार झाला आहे. समोरचं मधलं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. पुस्तकं बंद झाली, फोन मुलगाच लावून देतो. संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसतो, पायरवावरून ते मला ओळखतात. जुई पुण्याला कॉलेजात आहे, सुट्टीला आली की आधी त्यांच्या खुर्चीपुढे जाऊन उभी राहते. ते मान थोडी तिरकी करतात, हातानं तिला खूण करतात आणि म्हणतात, "जरा बाजूला हो गं, म्हणजे दिसशील."

ती बाजूला होते. ते तिच्याकडे फार वेळ बघत राहतात.